बारकी मशीन पळवते

३ फेब्रुवारी

ताई,

या पत्राची सुरुवात खुशालीने करत नाही, कारण खुशाली तू रोज फोनवर विचारतेसच. गोळी घेतलीस का, पाय सुजलेत का, जिना चढताना दम लागतो का. तिन्हीची उत्तरं दिली की तुझी ड्युटी सुरू होते आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. फोनवर तू वॉर्डातली सिस्टर असतेस. पत्रात निदान मधे बोलता येत नाही.

तर ऐक. मी स्टुडिओची नोकरी सोडली.

आईला माहीत आहे. ती "बरं केलंस" म्हणाली नाही आणि "हे काय केलंस" असंही म्हणाली नाही. तिने माझं टेबल पुसलं आणि खिडकीजवळ ओढलं. जन्मभर टायपिस्टची नोकरी केलेल्या बाईला टेबल खिडकीजवळ का हवं हे सांगावं लागत नाही.

का सोडली, तेही सांगते. ऑपरेशनच्या आधी तिथे पाणी मी करायचे. कार्टूनमध्ये नदी वाहिली, नळ गळला, कोणी बादली लवंडली, की ते काम माझ्या टेबलावर यायचं. छातीत नवी झडप बसवून परत गेले, तर मला तळमजल्यावर फायलींना नावं द्यायला बसवलं. "हलकं काम." विचारलं की मालक म्हणायचे, "आधी नीट बऱ्या व्हा." मी बरी झाले, जाडसुद्धा झाले, तरी फायलींना नावंच देत होते. आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी भलतंच माणूस पाणी करत होतं. ते पाणी जेलीसारखं थरथरायचं. मी जाता-येता बघायचे आणि माझ्या हाताला खाज सुटायची.

आता लहान मुलांच्या चित्रफिती काढणाऱ्या एका कंपनीने तीन-तीन मिनिटांचे नमुने मागवलेत. ज्याचा पसंत पडेल त्याला अख्खी मालिका. आमचा स्टुडिओ पाठवणार आहे. मीही पाठवणार आहे, एकटी. उतारवयात पोहायला शिकणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. सगळी फिल्म तलावात, म्हणजे सगळं पाणीच.

अडचण एकच, घरचं मशीन म्हातारं आहे. पाण्याचं एकेक चित्र बनवायला ते इतका वेळ घेतं की फिल्म पूर्ण होईल तेव्हा मुदत संपून गेलेली असेल. म्हणून काल मी त्याचा प्रोसेसर पळवायला घेतला. प्रोसेसर म्हणजे गणितं करणारं डोकं. कंपनीने त्याचा वेग ठरवून दिलेला असतो, पण काही प्रोसेसरांना तो वाढवायची मुभा ठेवलेली असते. मशीन सुरू होताना एक बटण दाबत राहायचं, मग एक निळी पाटी येते, तिच्यात मल्टिप्लायर नावाचा आकडा असतो. तो वाढवला की वेग वाढतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझा आकडा छत्तीस होता. मी एकदम शेहेचाळीस केला. का? तर इंटरनेटवर एका महाभागाने लिहिलं होतं की त्याचा शेहेचाळीसवर मस्त चालतो.

मशीन सुरू झालं. मी टाळी वाजवली. मग पाण्याची चित्रं करायला लावली, आणि ती आधीपेक्षाही हळू व्हायला लागली! आतला पंखा विमानासारखा घरघरत होता. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की प्रोसेसर भलताच तापला, आणि फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मी त्याला पळ म्हणाले आणि तो धापा टाकत बसला. पुन्हा छत्तीसवर आणून ठेवलाय. सध्यापुरता.

हे आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. म्हणून करून झाल्यावर सांगतेय.

बारकी


१२ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी उभी राहून वाचलं. नोकरी सोडलीस! मला न विचारता!

तुझ्या त्या कॉम्प्युटरचं आधी सांगते. आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर बघणारा एक माणूस आहे, त्याला मुद्दाम गाठून विचारलं. तो हसला. म्हणाला, "सिस्टर, तुमच्या बहिणीला सांगा, त्यातलं कळत नसेल तर झाकण उघडू नका. वॉरंटी जाईल, चिप जाईल, त्यातलं कामही जाईल." मी विचारलं, तापतो म्हणजे किती तापतो? तो म्हणाला, शंभराच्या जवळ जातो. शंभर! आमच्याकडे एकशे तीन ताप आला तर आम्ही धावपळ करतो, आणि हा म्हणतो पाणी उकळेल इतकं. ते तू उशाशी घेऊन बसणार?

आणि तुला स्वतःला कळत नाही का, तू कोणाला पळायला लावते आहेस? दोन वर्षांपूर्वी तुझं हृदयही असंच ताकदीबाहेर पळत होतं. तेव्हा तूही म्हणत होतीस, काही होत नाही.

मालक काही वाईट नाहीत गं. दुसऱ्या मजल्यावर चढायला नको म्हणून खाली टेबल दिलं, कामं तुंबली तरी तुला उशिरापर्यंत थांबवायचं नाही हे पाळलं, आणखी काय करायचं त्यांनी? जाऊन बोल. घेतील परत.

आणि वेगच हवा असेल तर नवं मशीन मी घेऊन देते. दुकानात जा, पसंत कर, मला कळव. स्क्रू फिरवत बसू नकोस. आईला सांग, हिच्यावर लक्ष ठेव.

गोळी वेळेवर घे. पत्रातही विचारते.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

एक मागणी आहे. माझ्या हृदयाची आणि त्या चिपची तुलना पुन्हा करायची नाही. मी ऐकून ऐकून विटलेय. कोणी गाडी जोरात चालवली की माझं हृदय, कुकरची शिट्टी उडाली की माझं हृदय. माझं हृदय छातीत आहे, त्याची झडप टिकटिक करत नीट चालली आहे, आणि प्रोसेसर टेबलाखाली आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

नवं मशीन नको. तू घेऊन दिलेल्या मशीनवर केलेलं पाणी तुझं होईल. मग तू म्हणशील, आता एवढा वेळ बसू नकोस. आणि मला ऐकावं लागेल.

तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्याला सांग की त्यातलं कळत नसेल तर झाकण उघडू नये हे मला पटत नाही. झाकण न उघडता कोणाला कळलंय?

मी सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवते. केस बांधलेले, कानावर पेन्सिल, गिऱ्हाइकाकडे वर न बघता बोलते. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "एकदम किती वाढवलात?" मी म्हटलं, दहा. तेव्हा कुठे तिने वर बघितलं. "पोहायला शिकताना पहिल्या दिवशी कुठे उडी मारता? खोल बाजूला?" आता तिला माझ्या फिल्मची काय कल्पना! मी इतकी हसले की ती चिडली.

तिने मला दोन गोष्टी दिल्या. एक मोठा कूलर, म्हणजे पातळ पत्र्यांची उंच चवड आणि तिला लावलेला पंखा. आणि टूथपेस्टसारखी एक छोटी ट्यूब. ही पेस्ट प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधे लावायची, म्हणजे उष्णता लवकर बाहेर जाते. घरी येऊन जुना कूलर काढला, तर आतली जुनी पेस्ट वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखी झाली होती. आणि धूळ! आई म्हणाली, "याने उशी भरता येईल." पेस्ट किती लावायची यावर आमचा वाद झाला. माझं म्हणणं वाटाण्याएवढी, आईचं म्हणणं सगळीकडे सारखी पसरायला हवी. शेवटी वाटाणा जिंकला.

कूलर बसवायला दुपार गेली, पण बसला. आता एकेक आकडा वाढवतेय. सदतीस, मग तासभर चाचणी. अडतीस, मग तासभर चाचणी. तपमान मी कागदावर लिहिते आणि आई ते टाइप करते. का, ते तिलाच विचार. एकोणचाळीसवर आहे आणि तो सत्तरच्या आतच आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर पेशंट स्थिर.

एक गोष्ट मात्र समजली नाही. मला उशिरापर्यंत थांबवायचं नाही हे मालकांनी "पाळलं", असं तू लिहिलंस. पाळलं म्हणजे? कोणाला दिलेला शब्द पाळला?

बारकी


२७ फेब्रुवारी

बारके,

आईचा फोन आला होता. कूलर बसवताना तुझं बोट त्या पत्र्याने कापलं आणि रक्त थांबेना, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. दोन रुमाल भिजले म्हणे. वाटाण्याच्या गमती लिहिल्यास, बोटाचं नाही!

तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस. साध्या कापण्यानेही तुझं रक्त वाहत राहतं, हे मी तुला किती वेळा सांगायचं? आईने दाबून धरलं म्हणून. ती घरी नसती तर?

हे पत्र मिळाल्या दिवशी रक्त तपासून घे. रिपोर्ट मला कळव. आणि तो डबा बंद कर. मी विनंती करत नाहीये.

ताई


५ मार्च

ताई,

रक्त तपासलं. रिपोर्ट जिथे हवा तिथे आहे. बोट भरून आलं. मी ते दहा मिनिटं वर धरून दाबून ठेवलं होतं, आई नुसती रुमाल बदलत होती. आणि हे तूच मला शिकवलेलं आहेस.

आता दुसरं.

माझे कप आणि चपला स्टुडिओत राहिल्या होत्या, त्या आणायला काल गेले. मालक दारातच भेटले. आत बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, "राग मानू नका, पण तुम्ही स्वतंत्रपणे नमुना पाठवताय असं ऐकलं. तब्येतीला झेपेल?"

मी म्हटलं, "माझ्या तब्येतीचं मी बघेन. मला एवढंच सांगा, तुम्ही पाणी माझ्याकडून का काढून घेतलं?"

ते कप फिरवत बसले. मग म्हणाले, "मी काढून घेतलं नाही हो. तुमच्या ताई आल्या होत्या, तुम्ही हॉस्पिटलात असताना. म्हणाल्या, हिला ताणाचं काम देऊ नका, वरच्या मजल्यावर बसवू नका, उशिरापर्यंत थांबवू नका, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. शब्द घेतला माझ्याकडून. आता सिस्टरच असं सांगते म्हटल्यावर..."

पुढचं मी ऐकलं नाही. चपला तिथेच राहिल्या.

वर्षभर, ताई. वर्षभर मी रोज घरी येऊन विचार करायचे की माझं काय चुकतं. भुलीने माझ्या डोक्याला काही झालं का? हात बिघडला का? मी आरशासमोर बसून हाताची बोटं हलवून बघायचे. तुला फोनवर म्हणायचे, "मला आता काम जमत नाही वाटतं त्यांना," आणि तू म्हणायचीस, "जाऊ दे गं, विश्रांती घे." तुला माहीत होतं! तू ऐकत होतीस आणि तुला माहीत होतं!

झडप डॉक्टरांनी बसवली ती मी जगावं म्हणून. नुसतं टिकावं म्हणून नाही.

मला आता पत्र लिहू नकोस. फोन आईच्या नंबरवर कर.

आकडा एक्केचाळीसवर नेलाय. कळावं म्हणून लिहिलं.


२ एप्रिल

बारके,

लिहू नकोस म्हणालीस तरी मधे दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. हे तिसरं. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

हो. मी गेले होते मालकांकडे. मी सांगितलं, मी शब्द घेतला. माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये. तुला टेबलावर घेऊन कापलं तेव्हा तू झोपलेली होतीस. त्या दाराबाहेर मी होते. मला आतल्या सगळ्या वस्तूंची नावं माहीत आहेत, कुठल्या मिनिटाला काय बिघडू शकतं ते माहीत आहे. बाहेरच्या बाकी लोकांना निदान माहीत नव्हतं. तुझं हृदय त्यांनी थांबवलं होतं, बारके. यंत्रावर घेतलं होतं. त्या वेळी मी मनाशी म्हटलं, ही बाहेर आली की हिला वारासुद्धा लागू देणार नाही. आणि तू बाहेर आलीस. मी शब्द पाळला. त्याची मला लाज नाही.

पण तुझं ते आरशासमोर बसून बोटं हलवण्याचं वाचल्यापासून काही सुचत नाही. ते मला माहीत नव्हतं. मी तुझं रक्त, तुझा दम, तुझे पाय, सगळं विचारत होते. ते मी कधी विचारलं नाही.

परवा वॉर्डात एका पेशंटला घरी सोडताना मी काय काय करायचं नाही ते सांगत होते. वजन उचलायचं नाही, जिना नाही, गाडी नाही. तो सुतार होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आणि करायचं काय?" मी हातातला छापील कागद उलटून पाहिला. त्यावर सगळं करायचं नाही तेच होतं.

म्हणून विचारते. तू पाणी करतेस म्हणजे नेमकं काय करतेस? इतक्या वर्षांत मला ते कळलं नाही. मी सगळ्यांना सांगते, बहीण कार्टून काढते.

सांगावंसं वाटलं तर सांग.

ताई


२३ एप्रिल

ताई,

तिन्ही पत्रं वाचली. फाडली नाहीत. रागही गेलेला नाही, तो राहू दे, त्याला वेळ लागेल. पण तू प्रश्न विचारलास, आणि या घरात मला माझ्या कामाबद्दल कोणी प्रश्न विचारला की मी फार वेळ गप्प राहू शकत नाही.

पाणी काढता येत नाही. झाड काढता येतं, माणूस काढता येतो. पाणी फक्त घडवून आणता येतं. मी मशीनला सांगते की हे एवढं पाणी आहे, ते इतकं जड आहे, असं चिकटतं, असं फुटतं, आणि आता यात या बाईचा हात पडतोय. मग मशीन लाखो थेंबांचं गणित करतं. प्रत्येक थेंब शेजारच्याला ढकलतो. ते गणित बरोबर आलं तरी ते पाणी खोटं दिसू शकतं. मग मी बघत बसते की कुठे खोटं वाटतंय. घाबरलेल्या माणसाच्या हाताने पाणी जसं उडतं तसं सरावलेल्याच्या हाताने उडत नाही. फिल्मच्या सुरुवातीला माझ्या बाईचं पाणी सगळीकडे फुटतं, आणि शेवटी नुसतं बाजूला सरतं. तेवढीच गोष्ट आहे. बाईचा चेहरा मी फारसा दाखवतच नाही.

हे सगळं गणित प्रोसेसर करतो. आता कळलं ना मी त्याच्या मागे का लागले?

आता झालेलं सांगते. एक्केचाळीसवर सगळ्या चाचण्या पास झाला. मी शेफारले. बेचाळीस केला, विजेचा दाब थोडा वाढवला, आणि अर्धी सकाळ पाण्याची चित्रं सुरेख चालली. मग स्क्रीन काळी झाली. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं. पुन्हा काळीच. ती निळी पाटीसुद्धा येईना.

मी जमिनीवर बसले आणि रडले. तुला खरं सांगते, त्या वेळी मला तुझा तो कॉम्प्युटरवाला हसताना दिसत होता. मालक दिसत होते. तू दिसत होतीस. सगळे म्हणत होते, बघ.

आई स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, "मेलं का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "माहीत नाही तर रडतेस कशाला? आधी माहीत करून घे."

तोंड धुतलं आणि मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. त्यात होतं की आतल्या सर्किट बोर्डावर घड्याळातल्यासारखी गोल बॅटरी असते. मशीनची तार काढायची, बॅटरी काढायची, थोडं थांबायचं, परत बसवायची. म्हणजे आपण केलेले सगळे बदल ते विसरतं आणि मूळ पदावर येतं. या वेळी हातात आईचे भांडी घासायचे रबरी मोजे होते. ही बातमी आईकडून कळण्याआधी माझ्याकडून.

बॅटरी बसवली. बटण दाबलं. निळी पाटी आली! आईने "आलं, आलं!" असं ओरडून शेजाऱ्यांना दाराबाहेर काढलं.

मग मी एक्केचाळीसवर गेले आणि तिथेच थांबले. बेचाळीस या प्रोसेसरला सोसत नाही, दुसऱ्या कोणाच्याला सोसतही असेल. हे मला कोणी नको म्हटल्यामुळे कळलेलं नाही, मी जाऊन पाहून आलेय. किती फरक पडला म्हणशील तर पूर्वी सात दिवस लागायचे तिथे सहा लागतात. एवढा आटापिटा आणि एवढाच फायदा, असं तुझा कॉम्प्युटरवाला म्हणेल. त्याला म्हणावं, मला एवढाच हवा होता.

मशीन रात्रंदिवस चाललं. आईने टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः घामाघूम होत भाजी निवडत बसली. शेवटच्या आठवड्यात एकदा मलाच बसल्या जागी दम लागला. काम करत बसून राहावंसं वाटत होतं, पण उठले, मशीनला काम लावून दिलं आणि दुपारभर झोपले. संध्याकाळी ठीक होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवूनही आले, सगळं जागेवर आहे. हे तुला कळवतेय, परवानगी म्हणून नाही, बातमी म्हणून.

मुदतीच्या आदल्या दिवशी फिल्म गेली. सोबत तुलाही पाठवली आहे.

बारकी


९ मे

बारके,

फिल्म पाहिली. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर, चहाच्या सुट्टीत, आम्ही पाच जणी आणि औषधांचा ट्रे. शेवटी त्या बाईचा हात पाण्यात जातो आणि पाणी नुसतं बाजूला सरतं, तिथे आमची सगळ्यात जुनी सिस्टर म्हणाली, "जमलं हो तिला." मग पुन्हा लावली. मी माझ्या तोंडावरून हात फिरवला तर तो ओला होता. तू केलेल्या पाण्याने हे केलं, माझ्यावर हसू नकोस.

एक सांगायचं आहे. काल तुझ्या मालकांचा फोन आला. मला. निकाल लागलाय. मालिका त्यांच्या स्टुडिओला मिळाली. त्यांची गोष्ट पसंत पडली, चित्रं पसंत पडली. पण कंपनीची अट आहे की यातलं पाणी चालणार नाही, तो दुसरा नमुना आला होता, पोहणाऱ्या बाईचा, ते पाणी ज्याने केलं त्याच्याकडून करून घ्या. नाही तर मालिका नाही.

मालक म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला आधी विचारतो. त्यांच्या तब्येतीला एवढं मोठं काम चालेल का? तुम्ही म्हणाल तसं करू."

माझ्या ओठांवर आलं होतं. काय काय अटी घालायच्या ते सगळं मला पाठ आहे. दोन वर्षं पाठ आहे. मी एकदम म्हटलं, "हे तुम्ही मला का विचारताय?"

ते म्हणाले, "म्हणजे, मागच्या वेळी तुम्हीच..."

मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तिला विचारलं नव्हतं, परस्पर तुम्हाला सांगितलं होतं. ती चूक तुम्ही पुन्हा करू नका. तिला फोन करा. ती हो म्हणाली तर हो आणि नाही म्हणाली तर मला पुन्हा फोन करू नका."

मला अजूनही भीती वाटते, बारके. ती काही जाणार नाही. मी तिला माझ्याकडेच ठेवून घेते.

ताई


१७ मे

ताई,

मालकांचा फोन आला. आई ऐकायला कानाशी कान लावून उभी होती, त्यामुळे मला निम्मं ऐकू आलं नाही, पण जेवढं आलं ते लिहिते.

आधी त्यांनी कौतुक केलं. मी आभार मानले. मग म्हणाले, "या, तुमचं टेबल तळमजल्यावर आहेच." मी म्हटलं, मी येणार नाही. पाणी मी घरी करणार, माझ्या मशीनवर, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'पाणी' या शब्दाखाली माझं नाव येणार.

ते म्हणाले, "नाव? तशी आपली पद्धत नाही."

मी म्हटलं, "मग पाणीही नाही."

आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. शाबासकी होती की सूचना, ते ती अजून सांगत नाही.

मग त्यांनी घसा खाकरला. "नाव देऊ. पण एक करा, डॉक्टरांकडून लिहून आणा की तुम्हाला हे काम चालेल. माझ्या माहितीसाठी."

मी विचारलं, "वरच्या मजल्यावर बाकी जे आहेत, त्यांच्यातल्या कोणाकोणाच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय?"

"कोणाच्याच नाही."

"मग मी शेवटी देईन. आधी त्यांचं येऊ द्या."

ते हसले, ताई. खरंच हसले. आणि दोन दिवसांनी कराराचा कागद घरी आला. माझं नाव, खाली काम, खाली सही. मी तीनदा वाचला. त्यात कुठेही "हलकं" नव्हतं.

तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे. पण तू त्यांना फोनवर जे म्हणालीस, ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. सुट्टी मिळाली की ये. आलीस तर मी काम करत असेन. मशीनची घरघर असेल, मी मान वर करणार नाही, चहा तुलाच करावा लागेल.

आज मालकांनी पहिल्या भागाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, तळं असेल, फार तर ओढा. चाचरत म्हणाले, "पहिल्याच भागात वादळ आहे. अख्खा समुद्र खवळतो, होडी उलटते. फार जड काम आहे. आधी एखादा सोपा भाग घ्यायचा का?"

मी म्हटलं, समुद्रच पाठवा.

बारकी